तर्कशुद्ध आणि फटकळ माणसांशी बोलायचं तरी कसं?

नकाशावाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहूनच टाकते.

मी नागपुरात आर्किटेक्ट आहे, घरं, छोटे बंगले, दुकानांची कामं असं सगळं. आमच्या ऑफिसचं स्ट्रक्चरल डिझाइन ज्या सरांकडे जातं ते माणूस म्हणून वाईट नाहीत, कामात तर एकदम पक्के, पण त्यांच्या केबिनमधून बाहेर आलं की खालच्या टपरीवर चहा घेतल्याशिवाय डोकं ठिकाणावर येत नाही.

परवाचंच घ्या. बेसा साइडला एक बंगला चालू आहे. क्लायंटला पहिल्या मजल्यावर २.१ मीटर पुढे आलेली बाल्कनी हवी आणि खाली कॉलम नको कारण तिथूनच गाडी आत वळते. मी नकाशा घेऊन गेले, बसले, सर कसे आहात, यंदा ऊन काय आहे ना, कूलर लावला की नाही, मग म्हटलं सर एक छोटंसं होतं, क्लायंटला ही बाल्कनी खूपच आवडलीये तर आपल्याला काही करता येईल का. सरांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "नाही." मी म्हटलं, पण सर त्यांचं फार मन आहे हो. तर म्हणतात, "मन किती किलोन्यूटन?" (किलोन्यूटन म्हणजे भार मोजायचं एकक.) बाजूला बसलेली दोन ट्रेनी पोट्टी खाली मान घालून हसली.

मग विचारलं, "मागे स्पॅन किती?" म्हणजे बाल्कनीच्या मागे, घराच्या आत, दोन आधारांमधलं अंतर किती. मी म्हटलं बघून सांगते. "मग बघून या." संपलं. पुढच्या माणसाला आत बोलावलंसुद्धा.

आमच्या सोसायटीचे खजिनदारही याच मातीतले. त्यांना "काका बरे आहात ना" म्हटलं तरी "कोणत्या बाबतीत?" असं येतं.

तर प्रश्न असा की अशा लोकांशी बोलताना आपण नेमकं काय बदलायचं? आणि सगळं आपणच बदलायचं का? कृपया "दुर्लक्ष करा" सांगू नका, माझं रोजचं काम आहे त्यांच्याशी.

तर्रीबाज

मन किती किलोन्यूटन =)) =)) =))
हे टीशर्टवर छापून बर्डीवर विकतो मी. सरांना रॉयल्टी देऊ.

सदाशिवपेठी

पूर्ण धागा दोनदा वाचला. यात फटकळ काय आहे ते कळलं नाही. आमच्याकडे याला गप्पा म्हणतात.

तर्रीबाज

आले पुणेकर. आता धागा शंभरी गाठणार, मी तर्री पोहे घेऊन बसतो.

सरळरेघ

मी त्या सरांच्याच पंथातला आहे, धंदा ऑडिटचा, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

समोरचा येऊन बसतो आणि ऊन, कूलर, पोरांची परीक्षा असं सुरू करतो तेव्हा मी त्याचं ऐकत नसतो, हा कशाला आला असेल याचाच अंदाज लावत असतो. तो अंदाज लावण्यात माझी शक्ती जाते आणि खरा विषय येईपर्यंत मी वैतागलेला असतो. मग "एक छोटंसं होतं". हे छोटंसं कधीही छोटं नसतं हे दोघांनाही माहीत असतं. आणि "क्लायंटला आवडलंय" हे वाक्य मला ऐकू येतं, पण ते हिशोबात कुठल्या रकान्यात टाकू? "तिथून गाडी वळते" हे मात्र टाकता येतं, ती खरी अडचण आहे, तिच्यावर विचार होऊ शकतो. तुम्ही ती त्यांना सांगितली का? तुमच्या पोस्टमध्ये आम्हाला सांगितलीत, पण केबिनमधल्या संवादात मला ती कुठे दिसली नाही.

दुसरं म्हणजे "का". मी "का" विचारलं की निम्म्या लोकांना वाटतं मी त्यांना चोर ठरवतोय. अहो तसं काही नसतं. माझ्या डोक्यातल्या साखळीत एक कडी नाहीये, ती मागतोय, एवढंच. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही, उद्या ११ पर्यंत सांगतो" हे उत्तर आमच्याकडे पूर्ण मार्कांचं आहे. सगळ्यात वाईट म्हणजे माहीत नसताना जुळवून दिलेलं उत्तर. एकदा ते पकडलं गेलं की पुढची सगळी उत्तरं मी दोनदा तपासतो.

तिसरं, मी गप्प बसलो म्हणजे मला पटलं. कौतुक वेगळं करायचं असतं हे माझ्या लक्षातच येत नाही, घरी त्यावरून बोलणी खातो.

आणि हो, व्हॉट्सॅपवर नुसतं "हॅलो सर" टाकून थांबू नका. मी ते पाहतो, पुढे काही येत नाही, मी फोन ठेवून देतो. प्रश्न त्याच मेसेजमध्ये लिहा.

भिवापुरी मिरची

वा वा. म्हणजे समोरच्याने रकाना बघून बोलायचं, अंदाज बांधून यायचं, तयारी करून यायचं, आणि यांनी फक्त "नाही" म्हणायचं. छान वाटणी आहे.

माझ्या आधीच्या ऑफिसात एक साहेब होते, स्वतःला स्पष्टवक्ते म्हणवून घ्यायचे. कुणाचं प्रेझेंटेशन चालू असताना मधेच "हे कोणी केलं, शेंबड्या पोराने?" असं म्हणायचे. हेच साहेब अधिवेशनाच्या काळात मंत्रालयातले लोक नागपुरात आले की असे विरघळायचे की विचारू नका. तिथे चुकीचा आकडा आला तरी "सर आपलं बरोबर आहे, आम्ही परत तपासतो". तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. माणूस वरच्यालाही तेवढंच फाडकन बोलतो का? बोलत असेल तर त्याचा स्वभाव आहे, चालवून घेऊ. फक्त खालच्यांना बोलत असेल तर त्याला तर्कबिर्क म्हणू नका, तो साधा माज आहे.

नकाशावाली, तुमचे सर एखाद्या आमदाराच्या बंगल्याला "मन किती किलोन्यूटन" विचारतील का? आणि ती हसणारी पोट्टी उद्या तुमच्याशी कशी बोलतील ते पण बघा.

सरळरेघ

पोरांसमोर बोलायला नको होतं, हा मुद्दा मान्य. पण "उत्तर काय दिलं" आणि "कोणासमोर दिलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

भिवापुरी मिरची

मान्य म्हणालात. स्क्रीनशॉट घेतला आहे.

नकाशावाली

@मिरची, खरं सांगू का, ते विचारतील. एका बड्या बिल्डरला त्यांनी "मजला वाढवायचा असेल तर दुसरा इंजिनियर बघा" असं सांगितल्याचं मी स्वतः ऐकलंय. म्हणूनच तर त्यांना सोडवत नाही.

@सरळरेघ, गाडीचं बोलायला वेळच कुठे मिळाला :(

गिट्टीबोल्डर

ताई मी ठेकेदार हाय, इंजिनियर लोकायच्या शिव्या खाऊनच मोठा झालो. एक किस्सा सांगतो, तवा मी एका ठेकेदाराजवळ मुनीम होतो.

बाल्कनीचा स्लॅब टाकाचा होता. आता खोलीच्या स्लॅबमधी मेन सळई रायते खाली, पन बाहेर निंघालेल्या बाल्कनीत मेन सळई रायते वर, हे सगळ्यायले माहीत नसते. ते वरची सळई जागेवर राहावी म्हनून तिच्याखाली लोखंडाच्या खुर्च्या लावा लागते. त्या ठेकेदारानं खुर्च्या लावल्या इकडे एक तिकडे एक. मिक्सर लागला, बाया घमेले घेऊन त्याच सळयायवरून चालून राह्यल्या, सळया बसल्या खाली. वरून माल पडला का मंग कोनाच्या बापाले दिसत नाई.

तेवढ्यात इंजिनियर साहेब आले. ना रामराम ना चहापानी. गाडीवरूनच म्हने, "बंद कर." ठेकेदार म्हने साहेब माल वाया जाईन. "जाऊ दे. टेप लाव." टेप लावला तं सळई वरून एक इंचावर पायजे ते तीन इंच खाली. सारा माल खरडून काढाले लावला. ठेकेदार म्हने साहेब सगळ्या लेबरसमोर माही इज्जत काढली. तं साहेब म्हने, "कालच काढनार होतो, तू फोन उचलला नाई."

ते घर आज बी उभं हाय आन बाल्कनीत लोक संध्याकाळी बसून रायते. गोड बोलनारा साहेब असता तं काय झालं असतं ते मी काय सांगू.

तर्रीबाज

"कालच काढनार होतो" _/\_ _/\_

नकाशावाली

गिट्टीदादा, अगदी बरोबर, आमच्याकडे पण स्लॅबच्या दिवशी खुर्च्या मोजायला मीच उभी राहते.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते, म्हणजे सरांच्या "नाही"मागे काय होतं ते कळेल. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, स्पॅन आणि इफेक्टिव्ह डेप्थ (ढोबळमानाने स्लॅबची किंवा बीमची जाडी) यांचं मूळ गुणोत्तर दिलंय, कँटिलिव्हरसाठी, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्यासाठी, ७, दोन्ही टोकांना टेकलेल्यासाठी २०, सलग असेल तर २६. म्हणजे २.१ मीटर बाहेर काढायचं तर सुरुवातच ३०० मिमीपासून होते, मग लोखंड किती त्याप्रमाणे तो आकडा खालीवर होतो. शिवाय जेवढं बाहेर काढायचं त्याला धरून ठेवायला मागे दणदणीत स्पॅन लागतो, म्हणून तो प्रश्न. हे सगळं मला माहीत आहे हो. माझा प्रश्न कारणाचा नाहीये, बोलण्याचा आहे.

वॉर्ड नंबर चार

मी स्टाफ नर्स आहे. रात्री अडीचला डॉक्टरांना झोपेतून उठवायचं काम करते, त्यामुळे फटकळ या विषयावर मी पीएचडी देऊ शकते :D

आम्हाला यासाठी एक पद्धत शिकवतात, एसबीएआर म्हणतात तिला. मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधली, नंतर तिकडच्या हॉस्पिटलांनी उचलली. आधी आत्ता काय झालंय ते, मग पेशंटची मागची माहिती, मग मला काय वाटतं, आणि शेवटी तुमच्याकडून काय हवंय. बस.

नवीन मुली फोन करतात, "सर, ते बारा नंबरचे आजोबा जरा बरे वाटत नाहीयेत." पलीकडून आवाज, "मग मी काय करू?" आणि मुलगी रडकुंडीला. तेच असं सांगा, "सर, बेड १२, बीपी ८० बाय ५०, पल्स १३०. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, दोन तासांत लघवी फक्त १५ मिली. मला आत ब्लीडिंग वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा." अशा फोनवर मी आजवर कोणाला खेकसताना ऐकलं नाही, चपला घालत घालतच पुढचे प्रश्न विचारतात.

यातली तिसरी पायरी सगळ्यात अवघड. "मला ब्लीडिंग वाटतंय" म्हणायला नर्सची जीभ रेटत नाही, आपण कोण सांगणारे असं वाटतं. आणि चौथी तर सगळे विसरतातच. माहिती देऊन गप्प बसतात आणि अपेक्षा करतात की समोरच्याने ओळखावं. तर ताई, "आपल्याला काही करता येईल का" ऐवजी नेमकं काय हवं ते मागा.

हँगरातला

वरचा प्रतिसाद एक नंबर. मी विमान दुरुस्तीत आहे, आमच्याकडे हे प्रकरण जिवावरचं असतं म्हणून एक घटना लिहितो.

१९९० च्या जानेवारीत एव्हियान्काचं ५२ नंबरचं विमान कोलंबियाहून न्यूयॉर्कला येत होतं. हवा खराब, विमानतळावर गर्दी, त्यामुळे तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. को-पायलटने कंट्रोलला ते सांगितलंही, प्राधान्य हवं असंही म्हणाला, पण "इमर्जन्सी" म्हणाला नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने त्या रात्री इंधन सगळ्यांचंच कमी होत होतं. उतरायचा पहिला प्रयत्न फसला, परत वळसा घेताना इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली.

तो कंट्रोलर उद्धट नव्हता आणि को-पायलट मूर्ख नव्हता. एकाने अदबीने सांगितलं आणि दुसऱ्याने जेवढं सांगितलं तेवढंच ऐकलं.

पण मिरचीताईंच्या बाजूनेही एक सांगतो. अशा अपघातांमुळे विमान कंपन्यांनी जे ट्रेनिंग सुरू केलं, नासाची पहिली कार्यशाळा १९७९ ची, त्यात फक्त ज्युनियरला "स्पष्ट बोल" एवढंच शिकवत नाहीत. कॅप्टनलाही शिकवतात की तुझ्यासमोर बोलायची हिंमत होईल असं वाग, कारण ज्युनियर घाबरून गप्प बसला तर नुकसान तुझंपण आहे.

भिवापुरी मिरची

हँगरातला, हे माझ्या सगळ्या प्रतिसादांच्या वर पिन करा.

कूलरची टाकी

माझं लग्नच अशा माणसाशी झालंय, त्यामुळे धाग्यावर माझा हक्क आहे.

आमचे हे कूलरवर सुद्धा भांडण लावू शकतात. जुलैत एक दिवस सासूबाई म्हणाल्या, फार उकडतंय रे, कूलर लाव. तर उत्तर, "आई, हवेत ओलावा इतका आहे की पॅडवरचं पाणी वाळणारच नाही, पाणी वाळलं नाही तर गारवा येणार कुठून, तू फक्त चिकट होशील." शंभर टक्के खरं, मेमध्ये इथल्या कोरड्या हवेत कूलर जो चालतो तो पावसाळ्यात चालत नाहीच. पण सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या आणि त्याच्याशी नाही.

माझा उपाय सांगते. मी आधीच सांगून टाकते की हे कुठल्या प्रकारचं बोलणं आहे. एकदा ऑफिसातून तणतणत आले आणि म्हटलं, "मी आता फक्त बडबडणार आहे, मला उत्तर नकोय, उपाय तर अजिबात नकोय." तो म्हणाला, "किती वेळ?" मी म्हटलं वीस मिनिटं. त्याने खरंच घड्याळ पाहिलं. आणि सांगते, इतकं छान ऐकलं त्याने, मधे एक शब्द नाही. वीस मिनिटं झाल्यावर म्हणाला, "अजून पाहिजे का?"

या लोकांना नियम सांगितला तर ते पाळतात हो. न सांगता त्यांनी ओळखावं ही अपेक्षा तेवढी सोडायची.

तर्रीबाज

"अजून पाहिजे का" म्हणजे वाढपीच की. पण हा बाप्पा माणूस खरा हाय.

सदाशिवपेठी

तुमच्या ह्यांना आमच्याकडे पाठवा. त्यांना अत्यंत मनमोकळं वाटेल.

वर्धारोड

अवांतर: नकाशावाली ताई, मनीषनगरला आमचं घर आहे. कंपाउंड वॉलला दर उन्हाळ्यात तडा जातो, प्लास्टर करतो, पुढच्या वर्षी परत तिथेच. ठेकेदार म्हणतो काळी माती आहे, चालायचंच. काय करावं?

नकाशावाली

पाया किती खोल आहे? तडा उभा आहे की तिरका? वर रुंद आहे की खाली? भिंतीला लागून बाग किंवा सांडपाण्याचा पाइप आहे का? सलग किती लांब भिंत आहे, मधे जोड दिलाय का? फोटोत पट्टी धरून पाठवा.

तर्रीबाज

मंडळी पाहून राहिले का? "बघून या" एवढंच म्हणायचं बाकी राहिलंय =))

वर्धारोड

ताई मी नुसतं विचारलं होतं हो...

नकाशावाली

अरे देवा =)) बरं, सोपं सांगते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आक्रसते, तिच्यात भेगा पडतात त्या तुम्ही शेतात पाहिल्या असतील. उथळ पाया असला की भिंत तिच्याबरोबर खालीवर होते. प्लास्टरने काही होणार नाही. भिंतीलगत झाडांना पाणी घालणं थांबवा, पावसाचं पाणी तिथे मुरू देऊ नका, आणि नवी बांधाल तेव्हा पाया मुरमापर्यंत न्या, तो फार खोल असेल तर छोट्या पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या खांबांवर, प्लिंथ बीम (भिंतीखालची आडवी तुळई) टाका. लांब भिंतीत मधे मधे जोड ठेवा. पण वरचे प्रश्न खरंच लागतात, फोटो पाठवाच.

निशिगंध

जरा वेगळं लिहिते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता कॉलेजात जातो. तो लहान असताना मी म्हणायचे, "पंखा चालू आहे का रे?" तो बघून सांगायचा, "हो." आणि खेळत बसायचा. मला पंखा बंद करून हवा असायचा. बऱ्याच काळाने लक्षात आलं की त्याने माझ्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं. आता मी सरळ सांगते, पंखा बंद कर, आणि तो लगेच उठतो.

ब्रिटनमधले डेमियन मिल्टन म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसांना इतरांचं मन कळत नाही असं जे एकतर्फी म्हटलं जातं ते अर्धंच खरं आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही, दरी दोन्हीकडून असते. मला ते वाचून फार मोकळं वाटलं होतं, कारण तोपर्यंत सगळे फक्त त्यालाच शिकवायला निघाले होते.

याचा अर्थ प्रत्येक फटकळ माणूस ऑटिस्टिक असतो असा नाही, कृपया कोणी त्या सरांचं निदान करत बसू नका. आणि उलटही लक्षात घ्या, माझा मुलगा सरळ बोलतो पण कोणाला हिणवत नाही. "मन किती किलोन्यूटन" हा टोमणा आहे. टोमणा मारायला समोरच्याचं मन चांगलंच कळावं लागतं.

सरळरेघ

शेवटच्या दोन वाक्यांवर मी निरुत्तर आहे.

गुर्जी

निवृत्त संस्कृत शिक्षक. तरुण मंडळींचं वाचत होतो, राहवलं नाही.

तुम्ही ज्याला आधी निष्कर्ष सांगा म्हणताय ती आपल्याकडची जुनीच रीत आहे. न्यायशास्त्रात पाच अवयवांचं वाक्य असतं, त्यात पहिली येते प्रतिज्ञा, म्हणजे मला काय सिद्ध करायचंय ते. पर्वतावर अग्नी आहे. मग हेतू, कारण तिथे धूर आहे. मग उदाहरण, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. मग उपनय, हा पर्वतही तसाच धुराचा. शेवटी निगमन, म्हणून अग्नी आहे. कोणीही "सर ऊन काय आहे ना"पासून सुरुवात करत नाही.

आणि मिरचीबाईंच्या कसोटीला मी एक जोड देतो. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. वाद, जिथे दोघांनाही खरं काय ते शोधायचंय. जल्प, जिथे फक्त जिंकायचंय. आणि वितंडा, जिथे स्वतःचं मत काही मांडायचंच नाही, समोरच्याचं मोडायचं तेवढं. आपल्यासमोरचा माणूस कोणता हे ओळखायला सोपा उपाय आहे, शांतपणे विचारा, "मग तुमच्या मते काय करावं?" वादी असेल तर लगेच उत्तर देईल, कारण त्याने विचार केलेला असतो. वितंडवाद्याला हा प्रश्न आवडत नाही. त्याच्यापुढे नकाशा, आकडे, काहीही नेलं तरी उपयोग नाही, तिथून नमस्कार करून उठावं.

तर्रीबाज

गुर्जी, आमच्या गल्लीत धूर म्हणजे शेजारी सावजी रस्सा चढलाय. निगमन: वाटी घेऊन जाणे.

हँगरातला

माझा एक प्रश्न राहिला. या लोकांचंच चुकत असेल तेव्हा काय? आमचे एक सीनियर आहेत, त्यांना "सर मला वाटतं" म्हटलं की संपलं.

सरळरेघ

"मला वाटतं" काढून टाका. त्यांनी काय गृहीत धरलंय ते शोधा आणि फक्त त्यावर बोट ठेवा. "तुमचं उत्तर चूक आहे" म्हटलं तर मी लढतो. "तुम्ही गेल्या वर्षीचा दर धरलाय, यंदा तो बदललाय, हे परिपत्रक" म्हटलं की मी त्याच क्षणी बदलतो, आणि मला त्यात अपमान वाटत नाही. कागद बरोबर ठेवा. आणि मी बदललो की तिथेच थांबा, "बघा मी म्हटलं नव्हतं" करू नका. तेवढं मनाला लागतं, आम्हालाही.

कूलरची टाकी

शेवटचं वाक्य फ्रेम करून हॉलमध्ये लावते.

नकाशावाली

अपडेट देते, सगळ्यांचे आभार.

सरांना मेसेज केला, ना नमस्कार ना ऊन: "बेसा बंगला. बाल्कनी २.१ मी. हवी. मागचा स्पॅन ४.२. कोपऱ्यात कॉलम नको, खालून गाडी वळते. क्लायंट १.५ पर्यंत खाली यायला तयार आहे. मला १.५ योग्य वाटते. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही हवं, उद्या सेंट्रिंगवाल्याला सांगायचंय." पाठवताना फार उद्धट वाटत होतं, दोनदा मागे "सर प्लीज" लावलं आणि खोडलं.

थोड्याच वेळात उत्तर. "१.५ चालेल. कॉलम नको. पॅरापेट विटांचं नको, टोकावर वजन येतं. लोखंडी रेलिंग करा." मी न विचारलेली गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली, आणि क्लायंटला रेलिंग जास्तच आवडलं.

मग ड्रॉइंग घ्यायला गेले तेव्हा वॉर्ड नंबर चार यांची तिसरी आणि चौथी पायरी वापरली. म्हटलं, "सर, त्या दिवशी ट्रेनींसमोर तसं बोललात ते मला चाललं नाही. साइटवर हीच मुलं माझ्याकडून सूचना घेणार आहेत. पुढे असं नको." सर थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "बरोबर आहे." आणि लगेच, "फुटिंगची शीट आणली का?"

वॉर्ड नंबर चार

शाब्बास!!

भिवापुरी मिरची

पोरांना सांगितलं का त्यांनी?

नकाशावाली

माझ्यासमोर तरी नाही.

भिवापुरी मिरची

मग अर्धंच झालं. तुमचं कौतुक आहेच, पण "बरोबर आहे" हे ज्यांच्यासमोर चुकलं त्यांच्यासमोर म्हणायला हवं होतं. ती पोट्टी अजूनही तोच डायलॉग कॅन्टीनमध्ये मारत असतील.

सरळरेघ

सहमत. आणि हेसुद्धा तुम्ही त्यांना एका वाक्यात सांगू शकता, ते ऐकतील असं वाटतंय.

नकाशावाली

बघते, पुढच्या स्लॅबला सगळे साइटवर असतील तेव्हा.

गिट्टीबोल्डर

ताई ते रेलिंगचं काम कोनाले देलं का? माह्या भाच्याचं फॅब्रिकेशनचं दुकान हाय कळमन्याले, काम साफ करते.

नकाशावाली

अजून दिलं नाही दादा. कोटेशन पाठवायला सांगा त्याला, पाइपची जाडी, किलोचा भाव आणि फिटिंगचे पैसे वेगळे लिहून. रेड ऑक्साइड त्यात धरलंय का तेही.

गिट्टीबोल्डर

हाव. उद्या पाठोतो.